छत्री ज्याची त्याने बांधावी

मी मुळात भित्रा माणूस. पॅराशूटच्या कामात उभा जन्म गेला, पण विमानातून एकदाही उडी मारली नाही. आग्र्याला सैन्यात वीस वर्षं पॅराशूटच्या घड्या घालण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर नव्वदच्या दशकात ओमानमधल्या एका प्रशिक्षण केंद्रात तेच काम मिळालं. उड्या दुसऱ्यांनी मारायच्या, त्यांच्या पाठीवरची छत्री मी बांधायची. आमच्या धंद्यात पॅराशूटला छत्रीच म्हणतात. बायको गावाकडे पत्रात लिहायची, की ह्यांचं छत्र्यांचं काम छान चाललं आहे, आणि आमच्या रत्नागिरीकडे कोणाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. ओमानात पाऊस पडतो तरी किती, हे विचारायचं फक्त एका मावशीला सुचलं.

उडी मारणाऱ्याची भीती मिनिटभराची असते. छत्री उघडली की संपली. बांधणाऱ्याची भीती त्याच्याबरोबर घरी येते आणि जेवायला बसते. दर उडीच्या सकाळी माझे तळहात ओले व्हायचे. मी शेडच्या दाराशी उभा राहून आकाशात उघडणाऱ्या छत्र्या मोजायचो आणि सगळ्या भरल्याशिवाय चहाला हात लावायचो नाही. केरळी सहकारी, जो दुसऱ्या टेबलावर काम करायचा, तो मला हसायचा. मी म्हणायचो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो म्हणतात, तेव्हा त्याला येऊ दे, पण मोजणी चुकायला नको.

आमची शेड मस्कतपासून तासाभराच्या अंतरावर, एका लहान धावपट्टीच्या कडेला होती. आत दोन लांबच लांब टेबलं. छत्रीचं कापड टेबलावर पसरायचं, घड्या घालायच्या, दोऱ्या नीट नागमोडी बसवायच्या, पिशवी बंद करून दोरा ओवायचा आणि कार्डावर आपली सही करायची. घड्या आत सारायला हातभर लांब, दोन बोटं रुंद, बोथट कडांची पोलादी पट्टी लागते. माझ्या पट्टीवर सात हा आकडा कोरलेला होता. जादाची एक होती, तिच्यावर आठ. सगळी हत्यारं भिंतीवरच्या फळ्यावर टांगलेली असायची, आणि प्रत्येकाच्या मागे त्याची आकृती काळ्या रंगाने काढलेली, म्हणजे एखादं जागेवर नसेल तर आंधळ्यालाही दिसावं.

नियम साधा होता. सकाळी काम सुरू करण्याआधी आणि संध्याकाळी संपल्यावर हत्यारं मोजायची आणि वहीत सही करायची. एक जरी कमी भरलं, तर त्या दिवशी बांधलेली एकही छत्री वर जाणार नाही. हत्यार सापडेपर्यंत सगळ्या परत उघडायच्या. विसरलेली पट्टी छत्रीच्या पोटात राहिली, तर उघडताना ती दोऱ्यांत अडकेल, कापड फाडेल, काय करेल ते सांगता येत नाही. पोटावर राखीव छत्री असते हे खरं, पण पहिल्यांदा उडी मारणाऱ्याला त्या चार सेकंदांत ती आठवेलच असं नाही.

हा नियम मी वर्षातून एकदा मोडायचो.

आग्र्याला खंडेनवमीला शेडमध्येच हत्यारांची पूजा व्हायची. मोठे साहेब स्वतः नारळ फोडायचे. ओमानात ते कुठून व्हायचं? पण ज्या हत्यारावर आपलं पोट आहे त्याला वर्षातून एक दिवस हळदकुंकू लागू नये, हे मला सोसवायचं नाही. म्हणून नवमीच्या संध्याकाळी मी ती सात नंबरची पट्टी पिशवीत घालून मस्कतच्या दार्सैत भागातल्या आमच्या घरी आणायचो. बायको तिची कात्री, मुलीचा कंपास आणि माझी पट्टी पाटावर मांडायची. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पट्टी परत फळ्यावर. त्या एका संध्याकाळी वहीत ‘सर्व हत्यारं हजर’ म्हणून मी खोटी सही करायचो. पाच वर्षं केली. देवाच्या कामासाठी केलेलं खोटं खोटं नसतं, असं मी मनाला समजावलं होतं. एकदा सवय झाली की खोटं बोलताना पेन अडखळत नाही.

आता त्या पाचव्या वर्षीची गोष्ट.

आमचा मुख्य शिक्षक ओमानी होता. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. घरात बलुची बोलणारा, आणि हिंदी अशी, की मुंबईच्या टॅक्सीवाल्याने मान तुकवावी. त्याच्या मनात आलं की मुलांना नुसत्या उड्या शिकवून भागणार नाही, ह्या विद्येचा इतिहासही कळला पाहिजे. म्हणून महिन्यातून एकदा वर्ग ठेवला. केंद्रातल्या प्रत्येकाने पाळीपाळीने बोलायचं. माझी पाळी आली तेव्हा मी जराही विचार न करता विषय सांगितला: दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीचं रशियन छत्रीदल.

ह्याला कारण एक पुस्तक होतं. मी शाळेत असताना रत्नागिरीला रशियन पुस्तकांचं प्रदर्शन आलं होतं. गुळगुळीत कागद, भक्कम बांधणी आणि किंमत भेळेच्या पुडीएवढी. त्यातलं एक छत्रीसैनिकांवरचं मराठी भाषांतर मी घेतलं, आणि खरं सांगायचं तर त्या पुस्तकानेच मला ह्या धंद्यात आणून सोडलं. त्यातला एक फोटो मी आजही डोळे मिटून पाहू शकतो. चार इंजिनांचं अजस्र बाँबफेकी विमान, टीबी-३, अंगावर पन्हाळी पत्रा. त्याच्या पाठीवरच्या झडपेतून सैनिक बाहेर येतात, पंखावर रांगत जातात, कशाला तरी धरून बसतात आणि खूण झाली की पंखावरून घसरून खाली जातात. लहानपणी तो फोटो बघून मला घाम फुटायचा, तरी मी तो रोज बघायचो.

वर्गासाठी मी मोठा तक्ता केला. मुलगी अल् घुब्र्याच्या शाळेत दहावीला होती. तिच्या स्केचपेनांनी आम्ही चौकटी काढल्या. सगळ्यांत वर कोअर, म्हणजे छत्रीदलाची सगळ्यांत मोठी तुकडी. युद्धाला तोंड लागायच्या थोडं आधी असे पाच कोअर उभारले होते. एका कोअरच्या खाली तीन ब्रिगेड, एका ब्रिगेडच्या खाली चार बटालियन, आणि एका कोअरमध्ये सगळी मिळून दहा हजारांवर माणसं. बाजूला तोफा, उखळी तोफा, आणि विमानाच्या पोटाखाली लटकवून न्यायचे चिमुकले रणगाडे. मुलगी इंग्रजी अक्षरं सुबक काढायची, मराठीत मात्र अडखळायची.

“बाबा, हे लोक विंगवरून का जातात? डोअर नाही आहे?”

मी तिला सांगितलं, की विमान माणसं सोडायला बनवलेलंच नव्हतं, बाँब टाकायला बनवलं होतं. आहे त्यात भागवायचं. तिला ते पटलं नाही. असे लोक जिवंत राहणार नाहीत, असं ती शांतपणे म्हणाली आणि रणगाड्यात हिरवा रंग भरू लागली.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये पोचलो. नवमीची पूजा आदल्या संध्याकाळी झाली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे नव्या तुकडीची पहिली उडी होती, त्यामुळे मला सहा छत्र्या बांधायच्या होत्या. वर्ग दुपारी ठेवलेला. मी कामाला लागलो. तीन छत्र्या झाल्या, चौथीच्या घड्या अर्ध्यावर आल्या, आणि उस्तादाने दारातून हाक मारली, की मुलं आत्ताच मोकळी आहेत, वर्ग आत्ताच घेऊ या, यल्ला, चला. छत्री अर्धवट टाकून टेबल सोडायचं नाही, हे मी आग्र्याला शेकडो जणांना शिकवलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी छत्रीवर चादर टाकली, तक्ता काखेत मारला आणि गेलो.

वर्ग छान रंगला. मला बोलता येतं हे मला त्या दिवशीच कळलं. मोडक्या हिंदी-इंग्रजीत मी सगळं सांगितलं. कागदावर ते कोअर किती भव्य होते, आणि प्रत्यक्षात विमानं किती तोकडी होती. पहिल्या उन्हाळ्यातच जर्मन फौजा एवढ्या आत घुसल्या, की ह्या निवडक माणसांना छत्र्या ठेवून साध्या पायदळासारखं खंदकात उतरवावं लागलं. मग पुढच्या हिवाळ्यात त्यांना शत्रूच्या पाठीमागे बर्फात सोडलं. पांढरे झगे, पायांत नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे बूट, गळ्यात गोल डब्याची बंदूक, आणि बर्फावर घसरायच्या स्की वेगळ्या बोचक्यांतून, वेगळ्या छत्र्यांनी टाकलेल्या. माणसं एका रानात पडली आणि बोचकी दुसऱ्या. कित्येकांना आपली तुकडी शोधायलाच दिवस लागले. वाळवंटातली मुलं बर्फाच्या गोष्टी अगदी गप्प बसून ऐकत होती.

शेवटी मी म्हणालो, की पण एक गोष्ट त्यांच्यात फार चांगली होती. तिथे प्रत्येक सैनिक आपली छत्री आपण बांधायचा. चुकलं तर दोष द्यायला दुसरा कोणी नाही.

मागच्या रांगेतून एक जण उठला. अंगाने सडपातळ, किनाऱ्यावरच्या सहम गावचा होता, वडिलांची लिंबांची बाग होती. त्याने विचारलं, की मग आमच्या छत्र्या तुम्ही का बांधता? सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, की मी चुकत नाही म्हणून. टाळ्या पडल्या.

मी टेबलाकडे परतलो तो हवेतच होतो. सहमचा तो तरुण माझ्या मागोमाग आला. छत्री स्वतः बांधता येत नसेल तर निदान बांधताना बघतो, म्हणाला. त्याला पंखावरून घसरायची गोष्ट पुन्हा ऐकायची होती. मी चादर काढली आणि हात कामाला लावून तोंड सुरू केलं. पंख किती रुंद होता, हात बधिर झालेले असताना ते कसे धरून बसायचे, सगळं सांगत सांगत मी चौथी छत्री बंद केली, दोरा ओवला, सही केली. त्याने कार्डावरचा नंबर आपल्या तळव्यावर पेनने लिहून घेतला. उद्या हीच घेईन, म्हणाला, ही माझ्या डोळ्यांदेखत बांधली आहे. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

संध्याकाळी फळ्यासमोर उभा राहिलो तर सात नंबरची जागा रिकामी. आठ नंबर जागेवर होती. मी मनाशी म्हटलं, आपण सकाळी सात आणायलाच विसरलो, ती घरी पाटावर फुलांखाली आहे, दिवसभर आठनेच काम केलं असणार. सहकारी दिवे बंद करत होता, गाडी उभी होती. मी सही केली.

घरी दसऱ्याची गडबड होती. गावाहून कोणी येताना आणलेली आपट्याची वाळकी पानं बायकोने ताटात काढून ठेवली होती. मी आधी पाटाकडे गेलो. कात्री होती, कंपास होता. मी विचारलं, की पट्टी कुठे ठेवलीस?

“अहो, सकाळी मीच घातली की तुमच्या पिशवीत. वड्यांच्या डब्याखाली.”

पिशवी उघडली. खोबऱ्याच्या वड्यांचा डबा होता, रिकामा. मी खिशातून रुमाल काढला. त्यावर लालभडक डाग होता. तेव्हा आठवलं. सकाळी शेडमध्ये पट्टीवरचं कुंकू मीच त्या रुमालाने पुसलं होतं. मग पहिली छत्री, दुसरी, तिसरी. आणि उस्तादाची हाक आली तेव्हा पट्टी माझ्या हातात होती, ती मी चौथीच्या घड्यांमध्ये खूण म्हणून सरकवली होती, परत आल्यावर कुठून सुरू करायचं ते कळावं म्हणून. परत आल्यावर मात्र मी पंखावर होतो. आठ नंबर कधी हातात घेतली तेही आठवेना.

मी जमिनीवर बसलो.  बायकोने विचारलं तर तिला सगळं सांगितलं. ती मुलीच्या खोलीकडे बघत राहिली. तिच्या मनात काय होतं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच होतं. मार्चमध्ये मुलीची बोर्डाची परीक्षा. खोटी सही म्हणजे नोकरी खलास, नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि आठवड्याभरात तिघं जण सामानासकट विमानात. एका तरुण माणसाचा जीव आणि आपल्या मुलीची परीक्षा ह्यांची मी तुलना करत होतो, ह्याची मला आजही लाज वाटते. पण करत होतो.

तेवढ्यात शेजारचं जोडपं सोनं द्यायला आलं. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, म्हणाले. मी पान घेतलं. उलट पान द्यायचं मला सुचलंच नाही. त्यांना वाटलं ताप आहे.

ते गेल्यावर मी खाली कार्डाच्या फोनवर गेलो. उस्तादाचा नंबर पाठ होता. त्याने उचलला. मी म्हणालो, मी बोलतोय. तो म्हणाला, हां, बोलो. आणि मी विचारलं, उद्या वारा कसा आहे? इतका नालायकपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही. तो म्हणाला, की आठनंतर वारा चढेल, म्हणून उडी तासभर आधी घेतोय. मग त्याने विचारलं, छत्र्या सगळ्या तयार आहेत ना? मी म्हणालो, आहेत. फोन ठेवला आणि तिथेच कठड्याला धरून उभा राहिलो. दार्सैतला हिंदूंचं देऊळ आहे, तिथून आरतीचा आवाज येत होता. मला वाटलं आत जावं, पण देवाला काय सांगायचं? त्याच्याच पूजेपासून हे सुरू झालं होतं.

वर आलो तेव्हा बायकोने माझे कपडे काढून ठेवले होते. ती एवढंच म्हणाली:

“केंद्राच्या गाडीची वाट बघू नका. टॅक्सी करा.”

पहाटे दार्सैतच्या नाक्यावर टॅक्सी मिळाली. ओमानी म्हातारा चालवत होता. त्याने रेडिओवर कुराणपठण लावलं होतं आणि गाडी अगदी सावकाश हाकत होता. मी त्याला दोनदा यल्ला म्हणालो. तो म्हणाला, इन्शाल्ला. मी डोळे मिटले की तो फोटो दिसायचा, पन्हाळी पंखावर रांगणारी माणसं, आणि आता त्यांतला प्रत्येक जण सडपातळ होता आणि त्याच्या तळव्यावर पेनने नंबर लिहिला होता.  मी खिडकी उघडली.

पोचलो तेव्हा तांबडं फुटलं होतं. विमानाचं इंजीन सुरू होतं आणि मुलं रांगेने धावपट्टीवरून चालली होती. पाठीवर छत्र्या. पाठीमागून सगळी सारखीच दिसत होती. मी पळालो. पन्नाशीचा माणूस, चपला वाळूत निघून पडल्या. बांधणाऱ्याने उडी मारणाऱ्याला धावपट्टीवर हात लावायचा नाही, असाही एक नियम होता. मी रांगेत एकेकाच्या कार्डाचा नंबर बघत पुढे गेलो. चौथा निघाला. मी मागून त्याचा पट्टा धरला आणि सोडलाच नाही. तो वळला. घाबरलेला होता, पहिली उडी होती बिचाऱ्याची. मला बघून त्याचा चेहरा खुलला. त्याला वाटलं मी निरोप द्यायला आलो आहे. त्याने तळवा वर करून नंबर दाखवला.

मी म्हणालो, ही नको.

उस्ताद आला. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू जाईना, म्हणून मला ते मोठ्याने सांगावं लागलं, सगळ्या रांगेसमोर. छत्रीत पट्टी राहिली आहे. मला काल संध्याकाळपासून माहीत आहे. त्याने एक हात वर केला आणि वैमानिकाने इंजीन बंद केलं. मग जी शांतता झाली तिच्यापुढे इंजिनाचा आवाज बरा होता.

सहमच्या त्या तरुणाने छत्री उतरवली. ताडपत्री पसरली गेली. उस्तादाने स्वतः दोरा तोडला आणि कापड ओढून काढलं. पट्टी सिमेंटवर पडून खणकन वाजली. त्याने उचलली, उलटसुलट केली. सातच्या आकड्याच्या खाचेत कुंकू तसंच होतं. हे लाल काय आहे, असं त्याने विचारलं. मी सांगितलं. आमची पूजा असते, हत्यारांची.  पूजेबद्दल तो काहीच बोलला नाही. त्याने विचारलं, की काल वहीत सही केलीस? मी हो म्हणालो. आणि रात्री फोनवर? मी मान खाली घातली.

“भूल सबसे होती है,” तो म्हणाला. “दस्तखत भूल से नहीं होता.”

माझ्या सहाच्या सहा छत्र्या बाजूला काढल्या. सहकाऱ्याच्या टेबलावरच्या दिल्या. उडी झाली. सहमचा तरुण ताडपत्रीच्या कडेला बसला होता, मांडीवर हात ठेवून. त्याला कोणी जबरदस्ती केली नाही. पण थोड्या वेळाने तो उठला, दुसरी छत्री चढवली आणि शेवटच्या फेरीत गेला. मी मोजत होतो. सगळ्या उघडल्या.

उस्तादाने मला काढलं नाही. का नाही, ते मी कधी विचारलं नाही, विचारायची हिंमतच झाली नाही. तीन महिने टेबलापासून लांब ठेवलं, फाटक्या पिशव्या शिवायला लावल्या. मार्चमध्ये मुलीने परीक्षा दिली. त्या तीन महिन्यांत दाराची बेल वाजली की मी हातातलं टाकून उभा राहायचो, आणि मुलीला वाटायचं बाबांना माझ्या परीक्षेचं टेन्शन आलं आहे. पट्टी मी पुन्हा घरी आणली नाही. खंडेनवमीला बायको कात्री आणि कंपास मांडायची आणि मधे जागा सोडायची. त्या जागेवर ती एक झेंडू ठेवायची.

वर्षं गेली. उस्ताद निवृत्त झाला, आणि दोन हजार सालानंतर त्याच्या जागी कोण आला असेल, तर सहमचा तो तरुण. आता त्यालाच सगळे उस्ताद म्हणू लागले. त्याने आल्या आल्या नवा नियम केला: शिकणाऱ्याने टेबलाशी उभं राहून आपल्या छत्रीच्या शेवटच्या घड्या आपण घालायच्या, आणि बांधणाऱ्याने त्या वेळी तोंड उघडायचं नाही. माझा तक्ता त्याने वर्गात कायमचा टांगला. दर नव्या तुकडीला मी रशियन छत्रीदलाचं भाषण द्यायचं, हेही ठरलं. मी द्यायचो. तीन ब्रिगेड, चार बटालियन, पंखावरची माणसं, बर्फात हरवलेली बोचकी. भाषण संपलं की तो मागून उठायचा आणि विचारायचा, और पट्टी? मग मी सात नंबरची पट्टी वर करून दाखवायचो आणि मुलांना सगळी हकिगत सांगायचो. सहीची, फोनचीसुद्धा.  तो माझ्याशी कायम अदबीने वागला. ईदला हलवा पाठवायचा, मुलीच्या लग्नाची चौकशी करायचा, बागेतली लिंबं आणून द्यायचा. पण स्वतःला उडी मारायची असली की छत्री दुसऱ्या टेबलावरची उचलायचा. एवढ्या वर्षांत माझ्या टेबलावरची एकदाही नाही.  बोलायला मला तोंड कुठे होतं?

माझी नोकरी संपायच्या आठवड्यात शेवटचं भाषण झालं. बोलून संपवलं आणि मी त्याच्या प्रश्नाची वाट बघत उभा राहिलो. तो उठला नाही. खाली बघत बसून राहिला. मुलं जायला उठू लागली. मग मीच त्यांना बसायला सांगितलं, पट्टी वर केली आणि हकिगत सांगितली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो शेडमध्ये आला. माझ्या टेबलावर आदल्या दिवशी बांधलेल्या छत्र्या ओळीने ठेवल्या होत्या. त्याने एक उचलली, कार्डावरची माझी सही वाचली, पाठीवर घेतली आणि विमानाकडे निघाला. मला त्याने काही विचारलं नाही.

मी दारापर्यंतही जाऊ शकलो नाही. तळहात ओले झाले होते. विमान वर गेल्याचा आवाज आला, तेव्हा मी फळ्यासमोर जाऊन हत्यारं मोजली. सगळी होती. सात नंबर होती, आठ नंबर होती. परत पहिल्यापासून मोजली. तो चालत शेडमध्ये परत येईपर्यंत मी मोजतच होतो.